विलगीकरणाचा आदेश दारात आला तर
वाचकांचे प्रश्न : आरोग्य आणि कायदा

प्रश्न : वरच्या मजल्यावरचा मुलगा परदेशातून आलाय, त्याला एमपॉक्स (पूर्वीचं नाव मंकीपॉक्स) असल्याचा संशय आहे. कमिटी म्हणते, फ्लॅटला बाहेरून कुलूप घालू आणि दारावर नोटीस लावू. असा अधिकार कमिटीला आहे का? (बाणेर)

उत्तर : नाही. कुलूप तर अजिबात घालू देऊ नका. माणसांना असं कोंडणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे, आणि रात्री आत आग लागली तर जीव जाईल. साथरोग कायद्याचे अधिकार सरकारचे. अधिसूचना काढून सरकार ते आयुक्त, जिल्हाधिकारी अशा अधिकाऱ्यांना देतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना नाही. नोटिशीचं म्हणाल, तर कोविडच्या वेळी, डिसेंबर २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा निर्देश असल्याशिवाय रुग्णाच्या दारावर पोस्टर लावायचं नाही.

कमिटीने महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवावं आणि दूध, औषधं दाराशी पोचती करावीत. हा आजार मुख्यतः अंगाला अंग लागून, फोडांतल्या पाण्यातून आणि वापरलेल्या चादरी-टॉवेलांतून पसरतो. चादरी झटकू नयेत, गुंडाळून उचलाव्यात आणि गरम पाण्यात साबणाने धुवाव्यात. सगळ्या खपल्या पडून खाली नवी कातडी येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते चार आठवडे, रुग्णाने वेगळं राहायचं. घरातल्या बाकीच्यांनी २१ दिवस रोज ताप आणि अंगावरचे फोड तपासायचे. लक्षणं नसतील तर त्यांना घरात अडकवून ठेवायला वैद्यकीय कारण नाही.

प्रश्न : मी रुग्णाच्या संपर्कात आलो म्हणून उद्या मला विलगीकरणात राहायला सांगितलं, तर आदेश बरोबर आहे की नाही हे कसं ओळखायचं? आणि पटला नाही तर? (कोथरूड)

उत्तर : आधी कागद मागा. तोंडी सूचनेविरुद्ध दाद मागणं फार अवघड जातं. कागदावर कोणत्या अधिसूचनेखाली आदेश दिलाय ते हवं, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा हवा. रोग कोणता, आपण रुग्ण की नुसते संपर्कातले, शेवटचा संपर्क कोणत्या तारखेचा आणि सुटका कधी, हेही हवं.

सगळ्यात जास्त घोळ सुटकेच्या तारखेत होतो. दिवस मोजायचे ते शेवटच्या संपर्कापासून, आदेश हातात पडल्यापासून नव्हे. निपाह विषाणूच्या रुग्णाशी आपला संपर्क १ तारखेला आला आणि कागद ६ तारखेला मिळाला, तर २१ दिवस २२ तारखेला भरतात. कारकुनाने ६ पासून मोजून २७ लिहिलं, तर पाच दिवस विनाकारण गेले. उलटही होतं. रुग्ण त्याच घरात असेल आणि संपर्क चालूच राहिला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून रुग्णाची खोली, संडास आणि भांडी पहिल्याच दिवशी वेगळी करा. एका खोलीच्या घरात हे जमत नाही. तिथे संस्थात्मक विलगीकरण मागून घेणंच शहाणपणाचं, ती शिक्षा समजू नका.

तारीख चुकली असेल तर त्याच अधिकाऱ्याला लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. ईमेल केलात तरी चालेल. दखल घेतली नाही तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालय आहे. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतले लोक आणि कोठडीत असलेल्यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या गोपनीयतेच्या निकालानंतर न्यायालय मुख्यतः तीन गोष्टी पाहतं : बंधनाला कायद्याचा आधार आहे का, हेतू योग्य आहे का, आणि बंधन गरजेपेक्षा जास्त तर नाही ना.

मात्र अर्ज प्रलंबित असताना बाहेर पडू नका. संसर्ग पसरेल असं निष्काळजी वर्तन (भारतीय न्याय संहिता, कलम २७१) आणि विलगीकरणाचा नियम मोडणं (कलम २७३), दोन्हींना सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आणि आपण खरोखरच बाधित असलात, तर दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो.

प्रश्न : रँडच्या वेळचा कायदा अजून तोच आहे का? (सदाशिव पेठ)

उत्तर : हो, साथरोग कायदा १८९७ चाच. तेव्हा प्लेगच्या तपासणीसाठी घरोघर गोरे सोजीर शिरले आणि लोक रोगी लपवू लागले. धाक वाढला की रोग दडतो, हे पुण्याने तेव्हाच पाहिलं. कायद्यात धोकादायक साथीची व्याख्या नाही, विलगीकरणाला कालमर्यादा नाही, अपील नाही, भरपाईचा हक्क नाही. २०२० च्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांना मारहाणीपासून संरक्षण दिलं, ते हवंच होतं. पण विलगीकरणात ठेवलेल्या माणसाचे हक्क तिथेही आले नाहीत. विधी आयोगाने २०२४ च्या अहवालात या कायद्यातल्या उणिवा सरकारसमोर मांडल्या आहेत.

प्रश्न : मी चार घरी स्वयंपाक करते. मला दोन आठवडे घरी बसवलं तर पगार कोण देणार? (पर्वती)

उत्तर : ताई, साथरोग कायद्यात आपल्या पगाराची सोय नाही, आणि ही त्यातली सगळ्यात मोठी उणीव आहे असं आमचं स्पष्ट मत आहे. २९ मार्च २०२० ला केंद्राने टाळेबंदीतही पूर्ण पगार द्यायचा आदेश काढला होता, तो १८ मेपासून मागे घेतला. ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) नाव असलेल्याला आजारपणात डॉक्टरांच्या दाखल्यावर ७० टक्के वेतन मिळतं, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. घरकाम त्यात सहसा येत नाही. आदेशाची प्रत चारही घरी दाखवा आणि पगार मागा. वाचकांनो, तो द्या. दिवसाची मजुरी बुडणार असेल तर बाई खोकला लपवून कामावर येते, आणि तिला दोष देता येत नाही.

प्रश्न : २०२५ च्या जानेवारीत आमच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोमचे) एवढे रुग्ण निघाले, मग कोणालाच विलगीकरणात का ठेवलं नाही? (धायरी)

उत्तर : कारण जीबीएस माणसापासून माणसाला लागत नाही. आधी पोटाचा संसर्ग होतो, मग काही जणांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू आणि नोरोव्हायरस हे विषाणू सापडले, म्हणून लक्ष पाण्यावर गेलं. अशा वेळी माणसं कोंडून काहीच साधत नाही. नळाच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरतंय का ते तपासायला सांगा, पिण्याचं पाणी खळखळून उकळा, चिकन पूर्ण शिजवा. हातापायांत मुंग्या येऊन जिना चढताना पाय लटपटू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.