कोपीपुढं काढलेल्या फोटोत मागचं ब्लर का होईना?

प्रश्न (औसा तालुक्यातून): सर, माझ्याकडं जुना क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) डीएसएलआर आहे, सोबत आलेली १८-५५ ची लेन्स. येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतात भाचीला कडब्याच्या कोपीपुढं (खोपीपुढं) उभी करून फोटो काढले, लेन्स १८ वर, सगळ्यात कमी आकडा एफ ३.५ लावला तरी मागच्या कडब्याचं पान अन् पान दिसायलंय. मोबाईलवर तर एफ १.८ लिहिलंय, तोबी साध्या मोडला ब्लर करंना, पोर्ट्रेट मोडला करतो पण केसांच्या कडा कापल्यासारख्या येतात. ५० ची लेन्स घ्यावीच लागते का?

उत्तर: लगेच घेऊ नका. एफचा आकडा म्हणजे छिद्राचं माप नाही, भागाकारातला आकडा आहे. फोकल लेंथला (लेन्सवरच्या १८-५५ या मिमीतल्या आकड्याला) त्यानं भागलं की छिद्राची खरी रुंदी निघते, आणि ब्लर त्या रुंदीवर चालतो. १८ ला ३.५ नं भागा, ५ मिमी. तीच लेन्स ५५ वर नेली की एफ ५.६ होतो, आकडा वाढला म्हणून लोक घाबरतात, पण भागून बघा, जवळजवळ १० मिमी, म्हणजे छिद्र दुप्पट झालं! मोबाईलच्या मेन कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ ५-६ मिमीच असते (२४-२६ सांगतात ते फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या हिशोबानं), तिला १.८ नं भागलं तर जेमतेम ३ मिमी, म्हणून साध्या मोडला चेहऱ्यामागं ब्लर येत नाही.

पण तुमच्या फोटोत खरी अडचण कोपीची आहे. भाची तुमच्यापासून २ मीटरवर आणि कोप तिच्या मागं ३० सेंमीवर असंल तर कुठलीच लेन्स फार काही करू शकत नाही. तिला तेवढ्याच अंतरावर बांधावर उभी करा, मागं ४० मीटरवर ज्वारीचं रान येऊ द्या, त्याच सेटिंगला ब्लर सातपट वाढतो. मग लेन्स ५५ वर ठेवून चेहरा फ्रेममध्ये मोठा येईल इतकं जवळ जा आणि फोकस जवळच्या डोळ्यावर घ्या. कोपीतल्या पूजेचे फोटो मात्र ब्लर करू नका, पाच पांडव आणि आंबिलीचं मडकं स्पष्टच दिसलं पाहिजे, येळवस तीच तर आहे.

पोर्ट्रेट मोडचा ब्लर मोबाईल अंदाजानं तयार करतो, बारीक केसांची कड त्याला नीट सापडत नाही. ब्लरचा स्लायडर निम्म्यावर आणला की कड कमी खटकते. आणि हुरड्याचं कणीस १०-१२ सेंमीवरून साध्या मोडला काढून बघा, एवढ्या जवळून मोबाईलही खरा ब्लर देतो.

हे सगळं करूनही कमी वाटलं तर ५० ची एफ १.८ घ्या, तिचं छिद्र २८ मिमीचं, तुमच्या लेन्सच्या ५५ वरच्या छिद्राच्या जवळपास तिप्पट. निकॉनची ३००० किंवा ५००० मालिकेतली बॉडी असंल तर एएफ-एस (आत स्वतःची मोटर असलेली) लेन्सच घ्या, जुन्या एएफ-डी लेन्सवर ऑटोफोकस चालत नाही, कारण त्या बॉडीत मोटर नसते.

प्रश्न (हिंगोलीहून): लांब झूमच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यानं जमंल का?

उत्तर: जमतं की, झूम शेवटपर्यंत न्या, माणूस मावेपर्यंत मागं सरका आणि त्याच्या मागं भरपूर मोकळी जागा ठेवा. हात हलतो, म्हणून कॅमेरा कशावर तरी टेकवा, गाडीचं सीटसुद्धा चालतं.