हलवा कसा करतात, एवढंच तिने विचारलं

पत्र

ताई, मी 71 वर्षांची आहे, ठाण्यात एकटी राहते. लग्न केलं नाही. आम्ही मूळचे अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. भाऊ आणि बहीण सत्तरच्या दशकात इस्रायलला गेले, आईवडिलांसाठी मी मागे राहिले. 34 वर्षं शाळेत शिकवलं. गेल्या वर्षी मोठं आजारपण झालं आणि तेव्हापासून रात्र रात्र डोळा लागत नाही. माझ्यामागे कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला मुलगा नाही. आजीची एक वही आहे. तिच्यात मराठी अक्षरांत लिहिलेल्या हिब्रू प्रार्थना, सणांचे पदार्थ आणि घरातल्या माणसांच्या मृत्यूच्या तिथी आहेत. तिकडे मराठी वाचणारं कुणी उरलं नाही. भाचा म्हणतो, फोटो काढून ठेव आणि टाकून दे. मध्यंतरी भावाची नात फोनवर चिकाचा हलवा कसा करतात ते विचारत होती, पण तिला कुठला जमायला! भाऊ म्हणतो, घर विकून इकडे ये. मी म्हणजे वठलेलं झाड. कुणासाठी जगले, तेच कळत नाही. काय करू?

उत्तर

ताई, तुमचं पत्र तीनदा वाचलं. मीही बेने इस्रायल घरातच वाढले, त्यामुळे ती वही कशी असेल ते मला न बघता सांगता येईल. पिवळी पडलेली पानं, कडेला तेलाचा डाग, आणि 'शब्बाथ' (आमचा शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रांतीचा दिवस) कुठे एका 'ब'ने तर कुठे दोन 'ब'ने लिहिलेला.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. 'भावाची नात हलवा कसा करतात ते विचारत होती, पण तिला कुठला जमायला!' वारस नाही म्हणून तुम्ही रात्रभर जागताय. पण वारस दाराशी येऊन विचारून गेली, आणि तुम्ही तिला परत पाठवलंत. हे थोडं कडक वाटेल, तरी लिहिते, कारण दुखणं इथेच आहे आणि ते बरं होण्यासारखं आहे.

पेसाहच्या, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या, रात्री आपल्याकडे काय होतं ते आठवा. ताटात बिनखमिराची भाकरी आणि कडू भाजी मांडलेली असते, पण मोठी माणसं आपणहून गोष्ट सांगायला लागत नाहीत. आधी घरातल्या सगळ्यात लहान मुलाने विचारायचं असतं की आजची रात्र वेगळी का. त्याने विचारलं की मिसरमधून सुटल्याची गोष्ट सुरू होते. एवढा मोठा वारसा आपण एका पोराच्या प्रश्नावर टांगून ठेवला आहे. तालमूदमध्ये, म्हणजे आपल्या जुन्या गुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात, याच्याही पुढचं सांगितलंय. मुलाला समज नसेल तर बायकोने विचारावं, आणि माणूस अगदी एकटा असेल तर त्याने स्वतःलाच विचारावं. म्हणजे एकट्या माणसाचाही विचार झालेला आहे. तुमच्यावर तर स्वतःला विचारायची वेळसुद्धा आलेली नाही, कारण ती मुलगी विचारतेय.

आता कद्दिशबद्दल. ही काळजी मी हलकी करणार नाही, कारण आपल्या माणसांना ती शेवटपर्यंत छळते. आईबाप गेल्यावर मुलाने 11 महिने कद्दिश म्हणायचा, त्यासाठी दहा पुरुष जमायला हवेत, आणि आता कित्येक मशिदींत शनिवारी दहा मोजायचीच मारामार. (इतर वाचकांसाठी सांगते, आमचे जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणतात.) पण त्या प्रार्थनेत मृत्यूचा शब्दही नाही. ती देवाच्या नावाची थोरवी आहे, आणि मुलगा नसेल तर दुसरं कुणीही ती म्हणू शकतं. ठाण्याची आपली मशीद 1879 पासून उभी आहे. तिथल्या हजानना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, भेटा, आपलं नाव आणि आईवडिलांची नावं लिहून द्या, आणि हे कोण करेल ते तोंडावर ठरवून या. हे बोलायला लाज वाटते, मला माहीत आहे. पण एकदा बोललात की निम्मी रात्र तरी झोपेत जाईल.

याच संदर्भात हेन्रिएटा झोल्ड तुम्हाला माहीत असायला हवी. 1860 मध्ये अमेरिकेत जन्मली. घरात सगळ्या मुलीच, आठ, आणि ही थोरली. लग्न झालं नाही, मूल नाही. 1916 मध्ये आई वारली तेव्हा कुटुंबाच्या एका स्नेह्याने आपणहून कळवलं की तुमच्या आईसाठी मी कद्दिश म्हणेन. हिने त्याचे मनापासून आभार मानले आणि नको म्हणून कळवलं. तिने लिहिलं की आम्ही मुलीच होतो, पण आमच्यापैकी एखादीच्या जागी मुलगा असता तर, अशी खंत आईच्या किंवा वडिलांच्या तोंडून कधी ऐकली नाही. वडील गेले तेव्हाही मुलींची जागा दुसऱ्या कुणी घेऊन कद्दिश म्हणावा हे आईने चालू दिलं नव्हतं. हीच हेन्रिएटा सत्तरी ओलांडल्यावर जेरुसलेममध्ये बसून, हिटलरच्या जर्मनीतून आईबापांशिवाय बाहेर पडलेल्या हजारो मुलांची सोय लावत होती. कुठलं पोर कुठे राहणार, काय शिकणार, हे ती बघायची. 1945 मध्ये ती गेली. पुढे तिच्या मृत्यूच्या तिथीला, शेवात महिन्याच्या 30 तारखेला, इस्रायलमध्ये मातृदिन पाळू लागले. आता त्याला कुटुंबदिन म्हणतात. मातृदिनाची तिथी ज्या बाईवरून ठरली तिला स्वतःचं एकही मूल नव्हतं. तुमच्या भावाची नात शाळेत हा दिवस पाळत मोठी झाली असेल. विचारा तिला.

आणि ते 'वठलेलं झाड'. तुम्ही मुद्दाम लिहिलंत की सहज आलं ते ठाऊक नाही, पण आपल्या धर्मग्रंथातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, 56व्या अध्यायात, अगदी हेच शब्द आहेत. ज्यांना मूल होणं शक्य नाही त्यांनी 'मी वाळलेलं झाड आहे' असं म्हणू नये. जे माझे शब्बाथ पाळतात त्यांना मी माझ्या घरात, माझ्या भिंतींच्या आत, मुलगे-मुलींहून चांगलं स्मारक आणि नाव देईन, असं देव तिथे सांगतो. 'स्मारक आणि नाव' म्हणजे मूळ हिब्रूत 'याद वाशेम'. हिटलरच्या राजवटीत मारल्या गेलेल्या ज्यूंच्या जेरुसलेममधल्या स्मृतिस्थळाचं नाव याच ओळीतून आलं, ज्यांच्यामागे नाव सांगणारं कुणी उरलं नाही त्यांच्यासाठी. यशयाने अट घातलीय ती शब्बाथ पाळण्याची. आपले पूर्वज कोकणात तेल गाळायचे. पोथ्या नव्हत्या, हिब्रू बहुतेक विसरलं होतं, तरी शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. चांगलं नाव चांगल्या तेलापेक्षा बरं, हे धर्मग्रंथातल्या उपदेशकाचं वाक्य वाचताना मला दर वेळी ते घाणे आठवतात. तुम्ही त्याच माणसांच्या. आईवडिलांना शेवटपर्यंत सांभाळलंत, एकटीने शुक्रवारचा दिवा लावत राहिलात. हे कुणासाठी जगणं नव्हे, असं कसं म्हणता?

शिक्षिका होतात म्हणून आणखी एक. तोरामध्ये, म्हणजे आपल्या मूळ धर्मग्रंथात, गणनेच्या पुस्तकात एके ठिकाणी 'ही अहरोन आणि मोशेची संतती' असं म्हणून नावं मात्र फक्त अहरोनच्या मुलांची दिली आहेत. मोशे तर अहरोनचा भाऊ, मग त्याचं नाव कशाला? आपले जुने गुरू सांगतात, मोशेने त्यांना शिकवलं म्हणून. दुसऱ्याच्या मुलाला शिकवलं की ते आपल्या पोटी आल्यासारखंच. 34 वर्षांत किती वर्ग झाले ते तुम्हीच मोजा.

आता वही. ती टाकायची नाही. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास 1897 मध्ये लिहून ठेवला. तो छापला गेला 1937 मध्ये, तेल अवीवला, केहिमकर जाऊन बरीच वर्षं झाल्यावर. मधली सगळी वर्षं कुणीतरी ते बाड जपलं, म्हणून आपण कोण कुठले हे आज सांगता येतं. भाच्याचं फोटोचं म्हणणं मात्र ऐका. पावसाळ्याआधी एकेका पानाचा, भर उजेडात.

पण फोटोने काम संपत नाही. त्या मुलीला देवनागरी येत नाही, आणि तुम्हाला हिब्रू बहुधा अडखळतच येत असेल. मग असं करा. इस्रायल आपल्या अडीच-साडेतीन तास मागे आहे, म्हणजे शुक्रवारी तुमची दुपार असते तेव्हा तिची सकाळ. शब्बाथ लागायच्या आत तिला फोन लावा आणि वहीतली एक प्रार्थना नुसती वाचून दाखवा, आजीच्या उच्चारात, आहे तशी. अक्षर ओळखता आलं नाही तरी शब्द तिच्या कानाला ओळखीचे लागतील. ती तिकडे हिब्रूत लिहून घेईल. एका शुक्रवारी एक पान. घाई नको.

भावाला आणि भाच्याला एक पत्रही लिहून ठेवा. आपल्याकडे ही जुनी रीत आहे. जमीनजुमल्याचं मृत्युपत्र वेगळं, आणि मुलांना काय सांगायचं त्याचं वेगळं. बाराव्या शतकात यहुदा इब्न तिब्बोन नावाच्या वैद्याने मुलासाठी असं लांबलचक पत्र लिहिलं. पुस्तकं ओलीपासून आणि उंदरांपासून जप, ज्याला विकत घेणं परवडत नाही त्याला वाचायला दे, असं त्यात आहे. आणि तू आळशी निघालास अशी बोलणीही आहेत! ती बोलणी आज आपण वाचतोय, आठशे वर्षांनी. म्हणून म्हणते, सगळे निघून गेले आणि मी एकटी राहिले हा राग पत्रात घालू नका. राग खरा आहे, तो भावाला फोनवर सांगा, तो जिवंत आहे तोवर.

घर आत्ता विकू नका. आजारपणानंतर वर्षभरात असा निर्णय घेऊ नये. मृत्युपत्र मात्र करा. आपल्याला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला काही द्यायचंय त्याला साक्षीदार करू नका. झोपेचं डॉक्टरांच्या कानावर घाला.

पण त्याआधी आज संध्याकाळी त्या मुलीला फोन करा. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, वाटून चीक काढायचा, नारळाचं दूध घालून ढवळत राहायचं, हात दुखला तरी थांबायचं नाही, कडेने सुटायला लागला की ताटात ओतायचा. पहिला हलवा तिचा बिघडेल. बिघडू द्या. आजीने वहीत साखरेपुढे 'अंदाजाने' लिहिलं असेल, तिथे पेन्सिलीने वाटीचं माप लिहा. आणि तुमची वाटी कोणती, ती मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून तिला दाखवा.