तीन पाकिटं आणि एक ड्रॉवर

"ताई, नवऱ्याच्या आयटीच्या जॉबमुळे चार वर्षांपूर्वी सांगलीहून इथे लंडनला, हॅरोमध्ये आलो. मी ५१, तो ५४. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवल्यापासून कॅन्सरच्या तपासण्यांची पत्रं येतायत, आधी स्मिअर टेस्टचं, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीचं, मग मॅमोग्रामचं, म्हणजे छातीच्या एक्स-रेचं, आणि आता तर शी तपासायचं किटच आलंय पोस्टाने!! तिन्ही पाकिटं ड्रॉवरमध्ये टाकलीयेत. मला काहीही होत नाहीये, मग सुखाचा जीव दुःखात कशाला घालू? माझ्या मावशीची छातीतली गाठ तपासली आणि सहा महिन्यांत गेली ती. आणि काही निघालंच तर व्हिसाचं काय? मुलगी रोज भांडते. — ड्रॉवरवाली"

अगं ड्रॉवरवाली, आपल्याकडे हॉस्पिटल कधी स्वतःहून बोलावतं का कोणाला? आपणच जातो, तेही अगदी गळ्याशी आल्यावर, त्यामुळे इथे आल्यावर एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, पाकीट बघितलं की पोटात गोळाच येतो की ह्यांना माझ्याबद्दल काय कळलं? काही कळलेलं नसतं गं. कॉम्प्युटर जन्मतारीख बघतो आणि पत्र काढतो. २५ ते ६४ वयाच्या बायकांना स्मिअर, पन्नाशीनंतर सत्तरीपर्यंत दर तीन वर्षांनी मॅमोग्राम, आणि ५० ते ७४ मधल्या सगळ्यांना, बाई असो की बाप्या, दर दोन वर्षांनी आतड्याच्या कॅन्सरसाठी शीचं किट. तुझ्या शेजारच्या गोरीलाही हीच पाकिटं येतात.

"काही होत नाहीये" म्हणतेस ना, ह्या तपासण्या काही होत नसणाऱ्यांसाठीच आहेत. रक्त जातंय, गाठ लागतेय असं काही असेल तर पत्राची वाट बघायची नाही, सरळ जीपी गाठायचा.

मावशीचं वाचून वाईट वाटलं. पण गाठ हाताला लागल्यापासून तपासेपर्यंत किती दिवस गेले असतील गं? आपल्या बायका पदराखाली लपवतात, दिवाळी होऊ दे, पोरीचं लग्न होऊ दे, मग बघू, आणि शेवटी घरातले हिशोब लावतात की तपासलं म्हणून गेली. माझी आई तर कॅन्सर हा शब्दच उच्चारायची नाही, वास्तू तथास्तु म्हणते म्हणून!

आणि हे गोऱ्यांचं फॅड आहे असंही समजू नकोस. आपल्या मुंबईतच टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून झोपडपट्ट्यांमधल्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या बायकांना ट्रेनिंग दिलं आणि निम्म्या वस्त्यांमध्ये त्यांनी दर दोन वर्षांनी साधं व्हिनेगर लावून गर्भाशयाचं तोंड तपासलं. तिथे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी निघाले. त्या बायका धुणीभांडी सांभाळून आल्या, आणि तुला घरपोच पत्र येऊन तू ड्रॉवर लावतेस, काय म्हणावं!

व्हिसाचं भूत आधी उतरव. स्क्रीनिंगला गेल्याने किंवा त्यात काही निघाल्याने व्हिसा रद्द होत नाही. उलट व्हिसा काढताना हेल्थ सरचार्ज, म्हणजे एनएचएस वापरायची फी, भरलाय ना तुम्ही? आता तो माणशी वर्षाला १०३५ पौंड आहे. त्यातच हॉस्पिटलचे उपचारही आले. डीमार्टात एकावर एक फ्री सोडत नाही आपण आणि इथे पैसे भरलेलं सोडतेय होय!

लाजेचं म्हणशील तर मॅमोग्राम काढणाऱ्या बायकाच असतात. स्मिअरलाही बहुतेक नर्सच असते, तरी फोनवर सांगायचं की बाईच हवी, आणि इंग्लिश अडत असेल तर दुभाषी मागायचा, फुकट मिळतो. मुलीला दुभाषी करू नकोस, दोघींनाही अवघड होतं. मॅमोग्राम दाबतो जरा, खोटं कशाला सांगू. १०० जणींमधल्या साधारण ४ जणींना परत बोलावतात आणि त्या चौघींतल्या एकीलाच कॅन्सर निघतो, तेव्हा परत बोलावलं म्हणून रडत बसायचं नाही. आणि हो, कधीकधी आयुष्यभर काही त्रास दिला नसता असाही कॅन्सर सापडतो आणि त्याचे उपचार होतात, हे त्या पाकिटातल्या पत्रकात लिहिलंय. वाच आणि मग तूच ठरव, पण न उघडता ठरवू नकोस.

सुरुवात किटपासून कर, त्यात कोणासमोर कपडे काढायचे नाहीत. माझं किट तीन आठवडे बाथरूममध्ये पडून होतं आणि काम निघालं पाच मिनिटांचं. रिकामा श्रीखंडाचा डबा घ्यायचा (नंतर फेकायचा हं, धुऊन परत फ्रीजमध्ये नको, मला आपल्या सवयी माहितीयेत), त्यातल्या शीत काडी फिरवायची, बाटलीत बंद करायची, त्यांच्याच पाकिटातून पोस्टात टाकायची, स्टॅम्पही लागत नाही. बाटलीवर तारीख मात्र आठवणीने लिही, ती राहिली तर सगळं परत करावं लागतं.

आणि नवरा ५४चा आहे म्हणालीस ना? त्याचं किट कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते विचार आधी.