पार्किन्सन्सच्या रुग्णांना मेंदूच्या प्रशिक्षणाचा खरोखर उपयोग होतो का?

तुम्ही विचारले आहे की, मुलुंडला राहणाऱ्या तुमच्या अडुसष्ट वर्षांच्या वडिलांना सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे, गेल्या वर्षभरात त्यांच्या गोळ्यांच्या वेळा चुकू लागल्या आहेत, हिशेब करताना ते अडकतात आणि बोलता बोलता त्यांचा मुद्दा सुटतो. अशा वेळी संगणकावर करायचा एक महागडा ‘ब्रेन ट्रेनिंग’ कार्यक्रम घ्यावा का, आणि त्याने पुढचा स्मृतिभ्रंश टळेल का. मी मुंबईत ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे रुग्णांना रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठी मदत करणारी म्हणून, काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत पार्किन्सन्सचे रुग्ण बरेच असतात. माझे मत असे आहे की प्रशिक्षणाचा उपयोग होतो, पण बहुतांशी ज्या कामाचा सराव केला त्या कामापुरताच होतो, आणि म्हणून सराव कशाचा करायचा हे वडिलांच्या रोजच्या दिवसाकडे पाहून ठरवावे. स्मृतिभ्रंश टळेल असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्या दाव्याला आज पुरावा नाही.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन केले तेव्हा रुग्णाची बुद्धी शाबूत राहते असे लिहून ठेवले होते, आणि त्यानंतर कितीतरी काळ उपचारांचे सारे लक्ष थरथर, ताठरपणा आणि चाल यांच्याकडेच राहिले. प्रत्यक्षात मेंदूतील पेशींमध्ये संदेश पोहोचवणारे डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी कमी होतात तेव्हा त्याची झळ हालचालीपुरती राहत नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग आणि मेंदूच्या आतील खोल केंद्रे यांना जोडणाऱ्या साखळ्यांनाही डोपामिन लागते, आणि कामाचा क्रम लावणे, एका गोष्टीवरून लक्ष काढून दुसरीवर नेणे, मधला आकडा डोक्यात धरून ठेवून पुढची बेरीज करणे ही कामे याच साखळ्यांवर चालतात. स्मृतिभ्रंश नसलेल्या तेराशेहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे एक चतुर्थांश रुग्णांमध्ये सौम्य बौद्धिक अडचणी आढळल्या होत्या. तेव्हा वडिलांचे जे होत आहे ते विरळा नाही, आणि त्याचा अर्थ स्मृतिभ्रंश सुरू झाला असा लगेच काढू नये.

येथे एक फरक समजून घेणे फार उपयोगी पडते. अल्झायमरमध्ये बहुधा नवी माहिती मेंदूत नीट नोंदलीच जात नाही. पार्किन्सन्समध्ये, निदान सुरुवातीच्या काळात, माहिती बहुतेक वेळा साठवलेली असते, पण मागितल्या क्षणी ती बाहेर येत नाही. थोडासा संकेत दिला, पहिले अक्षर सांगितले किंवा पर्याय समोर ठेवले की आठवते. म्हणून अशा रुग्णाला बाहेरून मिळणारा आधार, म्हणजे गजर, ठरलेली जागा, लिहिलेला क्रम, फार कामाला येतो. घरचे लोक मात्र अनेकदा उलट वागतात. ‘आठवा बघू, प्रयत्न करा’ असे म्हणून संकेत मुद्दाम रोखून धरतात आणि त्यालाच व्यायाम समजतात. त्यातून हाती लागते ती दोघांचीही चिडचिड.

आता अभ्यास काय सांगतात ते पाहू. २०१५ साली सात नियंत्रित चाचण्या आणि २७२ रुग्ण यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात एकूण फायदा लहान पण खरा दिसला, आणि माहिती डोक्यात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता, विचारांचा वेग व नियोजन यांत तो अधिक होता. यातील बहुतेक रुग्ण सौम्य ते मध्यम टप्प्यातील होते. २०२० साली, उपचारांवरील चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचा आढावा आला. त्यात ज्यांच्या बौद्धिक अडचणींचे निदान आधीच झालेले होते, अशाच लोकांवरील सात चाचण्या आणि २२५ रुग्ण होते, आणि चार ते आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर एकूण बौद्धिक क्षमतेत ठोस फरक दाखवता आला नाही. लक्ष आणि शाब्दिक स्मरण यांत थोडी सुधारणा दिसली, पण तिच्याविषयीची खात्री कमी होती. नेदरलँड्समध्ये १४० रुग्णांचे दोन गट करण्यात आले; एकाने आठ आठवडे घरच्या संगणकावर सराव केला, आणि त्याची तुलना केवळ साधे खेळ खेळणाऱ्या दुसऱ्या गटाशी करण्यात आली. नियोजनाच्या कोड्यात प्रशिक्षित गटाची अचूकता वाढली नाही, वेग तेवढा काहीसा वाढला. ही तिन्ही निरीक्षणे एकमेकांच्या शेजारी ठेवली तर मला दिसते ते असे की, लवकर सुरुवात केल्यास मर्यादित फायदा मिळतो, आणि पडद्यावरचा वेग वाढला म्हणून वीजबिल भरताना होणारा गोंधळ आपोआप कमी होईल असे धरून चालता येत नाही.

कंपन्यांच्या जाहिरातींविषयी एवढेच सांगते की, ल्युमॉसिटी या प्रसिद्ध कार्यक्रमाच्या कंपनीने वयानुसार येणारा विसराळूपणा व स्मृतिभ्रंश यांबाबत पुराव्याविना दावे केले, असा आरोप अमेरिकेतील फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला होता आणि २०१६ साली ते प्रकरण मिटवताना कंपनीने वीस लाख डॉलर भरणे मान्य केले. तुम्हाला सुचवलेल्या कार्यक्रमाबद्दल मला वेगळे काही म्हणायचे नाही. वडिलांना असे खेळ मनापासून आवडत असतील तर फुकट किंवा स्वस्तात मिळणारे खेळ त्यांनी जरूर खेळावेत. मोठी रक्कम खर्च करायची झाल्यास ती त्यांना तपासून त्यांच्यासाठी सराव ठरवून देणाऱ्या माणसावर करावी.

पण कोणताही सराव सुरू करण्याआधी एक टप्पा आहे, आणि तो वगळला गेल्यामुळे महिनोन्‌महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत. वडिलांच्या सर्व गोळ्यांची यादी, इतर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांसह, न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. थरथर कमी करण्यासाठी आपल्याकडे बरीच वर्षे दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल हे औषध वयस्क माणसांत स्मरण मंद करू शकते आणि गोंधळ वाढवू शकते. लघवीच्या तक्रारीसाठी दिली जाणारी काही औषधे आणि काही झोपेच्या गोळ्याही तसाच परिणाम करतात. यांपैकी कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, कारण त्यानेही त्रास होतो. त्याचबरोबर बी-१२ आणि थायरॉइड यांची तपासणी, उभे राहिल्यावर रक्तदाब उतरतो का याची नोंद, झोप कशी आहे आणि मन उदास आहे का याची चौकशी व्हायला हवी. नैराश्यातला मंदपणा आणि आजारातला मंदपणा वरून सारखाच दिसतो, पण पहिल्यावर उपचार आहेत. आणि गोंधळ वर्षभरात हळूहळू न येता दोन-चार दिवसांत एकदम वाढला, तर लघवीचा संसर्ग किंवा रक्तातील सोडियम कमी होणे अशी कारणे असू शकतात. तेव्हा थेट डॉक्टरांकडे जावे. स्मरण, लक्ष, नियोजन अशा क्षमता तपासणारी, मराठीतून घेता येणारी तीस गुणांची मोका चाचणी एकदा करून ठेवली तर पुढे तुलनेला आधार राहतो. खरोखरच स्मृतिभ्रंशाचे निदान झाले तर रिव्हास्टिग्मिनसारखे औषध उपलब्ध आहे. त्याचा निर्णय न्यूरॉलॉजिस्टच घेतील.

प्रत्यक्ष सराव कसा करावा, हे गोळ्यांच्याच उदाहरणाने सांगते, कारण तुमची सर्वांत निकडीची अडचण तीच आहे. गजर वाजला, वडील ‘घेतो पाच मिनिटांनी’ म्हणाले आणि गोळी राहून गेली, असे बहुतेक घरांत घडते. म्हणून गजर वाजताच उठायचे, वारांच्या कप्प्यांची डबी उघडायची, गोळी घ्यायची, भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायची, आणि मगच हातातले राहिलेले काम पुढे न्यायचे, असा एकच क्रम ठरवावा. डबी आणि पाण्याचे भांडे कायम एकाच जागी ठेवावे. सुरुवातीचे काही आठवडे शेजारी उभे राहून, चूक होण्याआधीच पुढच्या पायरीची आठवण करून द्यावी. या आजारात सवय आपोआप अंगवळणी पडणे अवघड होते, त्यामुळे प्रत्येक पायरी मोठ्याने उच्चारत जाणे उपयोगी ठरते, आणि चुका करून शिकण्यापेक्षा चुकीला वाव न देता शिकणे सोपे जाते. क्रम बसला की आधार एकेक करून काढावा, पण गजर आणि डबी काढण्याची घाई कधीच करू नये. त्या गोष्टी चष्म्यासारख्या आहेत.

हिशेबासाठी वेगळ्या वह्या आणण्याची गरज नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांना पडद्यावरची कोडी लहान मुलांची वाटत आणि ती सोडवताना ते रुसून बसत. त्यांना काय करायला आवडेल असे विचारल्यावर, सोसायटीच्या देखभाल खर्चाचा ताळा पूर्वीसारखा स्वतः पाहायचा आहे, असे त्यांनी सांगितले. आम्ही तोच सराव घेतला: एका बैठकीत एकच पान, एकेका नोंदीवर पट्टी, मधली बेरीज कागदावर. तेवढ्याने त्यांचे काम पुन्हा त्यांच्या हाती आले. त्यांचे चाचणीतले गुण वाढले का, हा प्रश्न मला तेव्हा गौण वाटला आणि आजही वाटतो. तुमच्या वडिलांसाठी मंडईत जाण्याआधी यादी करणे, कोणत्या दुकानातून कोणत्या क्रमाने जायचे ते ठरवणे, साधारण किती पैसे लागतील याचा अंदाज बांधणे आणि परतल्यावर तो पडताळणे, यात नियोजनाचा उत्तम सराव आहे.

गाण्याच्या भेंड्यांचे महत्त्व मी प्रत्येक घरात आवर्जून सांगते. ठरावीक अक्षरावरून थोड्या वेळात जास्तीत जास्त शब्द सांगा, ही मेंदूच्या तपासणीतली एक नेहमीची चाचणी आहे, आणि पार्किन्सन्समध्ये नेमकी तीच जड जाते. भेंड्यांमध्ये तोच शोध आनंदाने होतो, शिवाय आवाज मोठा काढण्याचाही सराव होतो, जो या आजारात हळू पडत जातो. पत्त्यांमध्ये बदाम सात, मेंढीकोट हे खेळ चांगले. फक्त पार्किन्सन्सवरची प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल यांसारखी गोळी चालू असेल तर पैसे लावून खेळण्यापासून त्यांना दूर ठेवावे. या औषधांमुळे काहींना जुगाराचा किंवा खरेदीचा न आवरणारा ओढा लागू शकतो, आणि तसे काही जाणवल्यास ते डॉक्टरांना सांगण्यात संकोच करू नये. सरावाची वेळ गोळीचा परिणाम चांगला असतो तीच धरावी आणि वीस-पंचवीस मिनिटांनंतर थांबावे. थकल्यावर केलेला सराव फक्त अपयशाची आठवण मागे ठेवतो.

चालण्याचा विषय यापासून वेगळा काढता येत नाही. या आजारात चालणे आपोआप होत नाही, त्याला लक्ष पुरवावे लागते. म्हणून चालताना प्रश्न विचारला की पाऊल लहान होते किंवा पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. दादरच्या पुलावर गर्दीत, फलाटावर गाडीत चढताना किंवा रस्ता ओलांडताना त्यांच्याशी बोलू नये, फोन तर मुळीच देऊ नये. याचा सराव मात्र सुरक्षित जागी करता येतो. बेल्जियम व नेदरलँड्समधील १२१ रुग्णांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चालणे आणि विचाराचे काम यांचा घरी सहा आठवडे सराव दिला गेला. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या शिकवल्या काय आणि एकत्र शिकवल्या काय, दोन्ही गटांचा विचार करत चालण्याचा वेग सुधारला आणि पडण्याचे प्रमाण वाढले नाही. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सोसायटीच्या आवारात किंवा सकाळी बागेत फिरताना वार उलटे म्हणणे, सातचा पाढा म्हणणे, असे करून पाहावे. तोल जात असेल तर फक्त चालावे. नियमित व्यायामाचा आग्रह मी कोणत्याही कोड्यापेक्षा जास्त धरते.

आता थोडे घरच्यांविषयी. चेहऱ्यावरचे भाव कमी झालेले, आवाज बारीक आणि उत्तराला लागणारा वेळ, या तिन्हींमुळे समोरच्याला वाटते की त्यांना कळलेच नाही, आणि मग मुलगा किंवा सून त्यांचे वाक्य पूर्ण करते, डॉक्टरांनाही परस्पर उत्तर देते. असे दिवसातून अनेकदा झाले की ते बोलणेच सोडतात, आणि मेंदूला सर्वाधिक कामाला लावणारा, संभाषणाचा सराव नाहीसा होतो. प्रश्न एका वेळी एकच विचारावा, दूरदर्शनचा आवाज बंद करावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. ही शांतता घरच्यांना अवघड जाते, पण ती पाळलीच पाहिजे.

मुंबईत २००१ साली स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्ण व कुटुंबीयांसाठी विनामूल्य आधारगट चालवते. जवळचा गट कुठे भरतो याची चौकशी करा आणि जाताना आईंनाही बरोबर न्या, कारण गोळ्यांपासून हिशेबापर्यंतचा भार आज बहुधा त्याच वाहत असतील. त्याआधी या आठवड्यात वडिलांना एवढेच विचारा की, जी कामे हातातून सुटत चालली आहेत त्यांपैकी कोणते त्यांना स्वतः करायचे आहे. ते काम कागदावर लिहा आणि गोळ्यांच्या यादीसह न्यूरॉलॉजिस्ट व थेरपिस्ट या दोघांनाही दाखवा.