साहेबांनी सरकारी कार्यालयात ‘चहापाणी’ पोहोचवायला सांगितले, तर कनिष्ठ कर्मचाऱ्याने काय करावे?

स्पष्ट नकार द्यावा, आणि तो शक्यतो लेखी द्यावा. नागपुरात हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात मी हिशेब सांभाळत असताना माझ्या टेबलावर असेच बंद पाकीट आले होते आणि सोबतच्या व्हाउचरवर ‘किरकोळ वाहतूक खर्च’ असे लिहून माझ्या सहीपुरती जागा कोरी सोडलेली होती. सही माझी, तर खोटेपणाही माझाच, हे तेव्हा लख्ख कळले. व्हाउचर मी तसेच परत पाठवले. त्या वर्षी पगारवाढ मिळाली नाही, हेही सांगितलेच पाहिजे.

कायदा मात्र नीट समजून घ्या. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणारासुद्धा थेट गुन्हेगार ठरतो. ज्याला ती देणे भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले, तरच त्याला संरक्षण मिळते. सरकारी कर्मचाऱ्याने मागणी केली असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर लगेच तक्रार करा, कारण सापळा पैसे हातात पडण्यापूर्वीच रचावा लागतो.