वाचक विचारतात : स्वतंत्र प्रवास-छायाचित्रकाराचं काम

प्रवासाचे फोटो काढून त्यावर जगू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : एका मासिकाला एकाच प्रवासातले चाळीस फोटो पाठवले. ‘फोटो चांगले आहेत, पण पानं लागत नाहीत’ असं उत्तर आलं. म्हणजे नेमकं काय कमी पडलं?

उत्तर : एकेक फोटो चांगला आहे, पण सगळे मिळून लेख उभा राहत नाही, असं त्यांना म्हणायचं आहे. मांडणी करणाऱ्याला आठ-दहा पानं भरायची असतात आणि प्रत्येक पानाची गरज वेगळी असते. सुरुवातीच्या जोडपानाला आडवा फोटो लागतो. त्यात शीर्षक बसेल एवढं मोकळं आकाश, पाणी किंवा भिंत हवी. चेहरा अगदी मध्यावर नको, कारण तिथे दोन पानांची घडी येते. मुखपृष्ठाला उभा फोटो लागतो आणि त्याचा वरचा साधारण पाव भाग शांत असावा लागतो, कारण मासिकाचं नाव तिथे छापलं जातं. याशिवाय जागा कळेल असा लांबून घेतलेला एक, मधल्या अंतरावरून काम करणारी माणसं, थेट कॅमेऱ्याकडे पाहणारी एखादी व्यक्ती, आणि हात, अवजारं, भिंतीचा पोत असे जवळचे तपशील. नव्याने या कामात आलेल्यांकडे लांबचे देखावे ढीगभर असतात आणि तपशील जवळजवळ नसतात. एखादी जागा सोडण्याआधी यातले कोणते प्रकार राहिले, हे मनात तपासायची सवय लावा.

‘आडवाच काढतो, नंतर कापून उभा करतो’ हेही पुष्कळ जण करतात. त्याचा हिशेब पाहा. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर ए-४ आकाराच्या एका पानाला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणजे सुमारे ८.७ मेगापिक्सेल. जोडपानाला त्याच्या दुप्पट. २४ मेगापिक्सेलचा आडवा फोटो ६००० × ४००० असतो. त्यातून ए-४च्या प्रमाणात उभा तुकडा कापला तर २८२८ × ४००० उरतात. पान भागतं, पण आणखी कापायला फारशी जागा राहत नाही. शिवाय आडवी रचना पाहून घेतलेल्या फोटोत वरती मोकळी जागा नसते, ती कापून निर्माणही करता येत नाही. कॅमेरा जागेवरच उभा धरा.

दुसरी त्रुटी फोटोखाली छापायच्या ओळींची. कोण, काय, कुठे, कधी, हे प्रत्येक फोटोच्या आयपीटीसी माहितीतल्या (फोटोच्या फाइलमध्येच साठवल्या जाणाऱ्या नोंदींतल्या) वर्णनाच्या रकान्यात लिहिलेलं हवं. वेगळ्या कागदावर किंवा ईमेलमध्ये दिलेल्या ओळी संपादकाच्या टेबलापर्यंत पोचेस्तोवर फोटोपासून सुटतात. ओळी त्याच संध्याकाळी लिहा. गावाचं नाव तिथल्याच माणसाकडून लिहून घ्या. निर्मात्याचं नाव आणि हक्काची नोंद हे रकाने फोटो संगणकावर घेतानाच आपोआप भरले जातील असा साचा एकदा करून ठेवा.

आणि कॅमेऱ्याचं घड्याळ. दोन कॅमेरे वापरत असाल आणि एकाचाच टाइम झोन बदलला, तर वेळेनुसार लावलेला सगळा क्रम विस्कटतो. पोचल्या दिवशी दोन्ही कॅमेऱ्यांनी मोबाइलच्या घड्याळाचा, सेकंद दिसतील असा, एकेक फोटो घ्या. पुढे लाइटरूम किंवा एक्झिफटूल या सॉफ्टवेअरमध्ये तेवढा फरक सगळ्या फोटोंना एकदम लावता येतो.

चाळीसऐवजी पंधरा ते वीस पाठवा. एकाच दृश्याचे तीन फोटो पाठवणं म्हणजे निवडीचं काम संपादकावर ढकलणं, आणि हे त्यांना लगेच कळतं.

प्रश्न : एका पर्यटन कंपनीच्या करारात ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असं लिहिलं आहे. मानधन ठीक वाटतं. सही करावी का?

उत्तर : आहे तशी नको. तुम्ही फोटो विकत नाही, फोटो वापरण्याचा परवाना देता. हा फरक ज्याला पक्का कळला तोच या व्यवसायात टिकतो, असं आमचं स्पष्ट मत आहे. परवान्यात पाच गोष्टी लिहिलेल्या असल्या पाहिजेत : कोणत्या माध्यमात, कोणत्या कामासाठी (लेख की जाहिरात), कोणत्या प्रदेशात, किती काळ, आणि तो परवाना फक्त त्यांनाच आहे की इतरांनाही देता येईल. उदाहरणार्थ : ‘१२ फोटो, कंपनीचं संकेतस्थळ व समाजमाध्यमांवरील खाती, जगभर, २ वर्षं, छायाचित्रकाराला हेच फोटो इतरांनाही देता येतील; छापील जाहिरात व फलक यांसाठी वेगळा परवाना लागेल.’ एवढं एक वाक्य पुढचे बरेच वाद टाळतं.

‘उपपरवाना देण्याचा हक्क’ हे शब्द शोधून काढा. ते राहिले तर कंपनी तुमचा फोटो हॉटेलांना, विमान कंपन्यांना पुढे देऊ शकते आणि त्याचे पैसे तुमच्याकडे येत नाहीत. अमेरिकी ग्राहकाच्या करारात ‘वर्क मेड फॉर हायर’ दिसलं तर विशेष सावध व्हा. तिथल्या कायद्यानुसार ते लागू झालं, तर पहिल्या क्षणापासून निर्माता म्हणून काम देणाऱ्याचंच नाव लागतं.

अशा करारांचे मसुदे बहुधा वकिलाने एकदा लिहून सगळ्यांना पाठवलेले असतात. त्यामुळे नम्रपणे विचारलं तर बदल होतो. ‘तुम्हाला नेमका कुठे वापर करायचा आहे?’ असं विचारा. उत्तर बहुतेक वेळा संकेतस्थळ आणि एखादी पुस्तिका एवढंच असतं. सर्व हक्क खरोखरच हवे असतील तर तो वेगळा सौदा आहे. त्या फोटोंतून पुढे मिळू शकणारी सगळी मिळकत तुम्ही सोडता आहात, हे धरून रक्कम सांगा.

आणखी दोन कलमं स्वतःहून घाला. एक, ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर परवाना लागू होईल.’ पैसे थकले तर हेच कलम उपयोगी पडतं. दोन, काम रद्द झालं तर काय. तिकिटं काढल्यानंतर रद्द झालं तर झालेला सगळा खर्च आणि मानधनाचा ठरलेला हिस्सा मिळाला पाहिजे. प्रवासखर्च आगाऊ घ्या. तो स्वतःच्या खिशातून घालून तीन महिने वाट पाहणं म्हणजे ग्राहकाला बिनव्याजी कर्ज देणं.

प्रश्न : दिवसाचा दर कसा काढायचा? इतरांचे दर पाहून ठरवला तर महिनाअखेरीस काहीच उरत नाही.

उत्तर : वर्षाचा सगळा खर्च मांडा : घर चालवणं, विमा, सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, कर, आजारपणासाठी बाजूला ठेवायची रक्कम, आणि उपकरणांची झीज (किंमत भागिले किती वर्षं वापरणार, कॅमेऱ्याला चार धरणं व्यवहार्य). त्याला पैसे मिळणाऱ्या दिवसांनी भागा. चूक इथेच होते. वर्षात कामाचे २६० दिवस दिसतात. पण त्यातून सुट्टी आणि आजारपण, प्रवासाचे दिवस, निवड आणि संस्करण, नव्या कामासाठी पत्रव्यवहार, हिशेब हे वजा केलं की बिल लावता येतील असे ८० ते १०० उरले तरी चांगलं. वर्षाचा खर्च १०० धरून तो २०० दिवसांनी भागला तर दर ०.५ येतो, ८० दिवसांनी भागला तर १.२५. अडीचपट फरक. तुमचं नुकसान बहुधा त्या फरकातच आहे.

स्टॉक एजन्सीवर, म्हणजे तयार फोटोंचे परवाने विकणाऱ्या संकेतस्थळांवर, मूळ उत्पन्न उभं करू नका. अडोबी स्टॉक फोटोच्या विक्रीतले ३३ टक्के देतं. शटरस्टॉकने २०२० मध्ये विक्री वाढेल तशा चढायच्या १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्या आणल्या, आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात.

प्रश्न : लॅपटॉप न नेता फिरायचं आहे. फोटोंच्या प्रती कशा सांभाळायच्या? आणि कार्ड अचानक रिकामं दिसू लागलं तर?

उत्तर : दोन कार्डांचा कॅमेरा घ्या आणि दोन्हींवर रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, संस्करण न झालेली मूळ फाइल) लिहायला लावा. कित्येक कॅमेऱ्यांत सुरुवातीला ‘पहिलं भरलं की दुसरं’ अशी सोय लावलेली असते. ती बदलून ‘बॅकअप’ केली नाही तर दोन कार्डं असून प्रत एकच राहते. रोज रात्री यूएसबी-सीने मोबाइल किंवा टॅबलेटला कार्ड रीडर आणि छोटी एसएसडी जोडून प्रत करा. डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क मोबाइलच्या विजेवर चालेलच असं नाही, म्हणून एसएसडी. बाहेरून वीज घेणारा हब असेल तर दोन्ही उपकरणं सुरळीत चालतात. प्रत झाली की फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का पाहा, शेवटच्या काही फाइली उघडा. अर्धवट उतरलेल्या फाइली बहुधा शेवटीच सापडतात. एसएसडी अंगावरच्या पिशवीत, कार्डं दुसऱ्या बॅगेत. दोन्ही एकाच बॅगेत असतील तर चोर एकदाच येतो.

सगळं क्लाउडवर टाकण्याचा विचार करण्याआधी गणित करा. २४ मेगापिक्सेलची दाबलेली रॉ फाइल साधारण ३० एमबीची. दिवसाचे ६०० फोटो म्हणजे १८ जीबी. १० एमबीपीएसच्या अपलोड वेगाला चार तास. त्याऐवजी निवडलेले १०० जेपीईजी, प्रत्येकी ८ एमबी, दहा-अकरा मिनिटांत जातात. सगळं हरवलं तरी निदान काम पोचतं करता येईल एवढं हाती राहतं.

कार्ड रिकामं दिसलं तर त्यावर एकही नवा फोटो घेऊ नका. ‘दुरुस्त करू का?’, ‘फॉरमॅट करू का?’ या विचारणांना नाही म्हणा, कार्ड काढून बाजूला ठेवा. साध्या फॉरमॅटमध्ये बहुधा फाइलींची यादीच पुसली जाते, फोटो जागेवर असतात. नवा फोटो त्यांच्यावर लिहिला गेला की ते जातात. फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर ते शोधून देतं. परत मिळालेल्या फाइली त्याच कार्डावर नाही, दुसऱ्या डिस्कवर उतरवा. मूळ नावं मिळत नाहीत, पण फोटोतली तारीख-वेळ शाबूत असते.

प्रश्न : विमानतळावर बॅटऱ्या आणि सामान अडवू नये म्हणून काय तयारी लागते?

उत्तर : सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक नेहमी केबिन बॅगेत, चेक-इन सामानात कधीच नाही. १०० वॅट-अवरपर्यंत विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० पर्यंत लागते, आणि अशा सुट्या जास्तीत जास्त दोन. त्यापुढच्या प्रवाशाला नेता येत नाहीत. आकडा छापलेला नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा : ७.२ व्होल्ट, २२८० एमएएचची कॅमेरा बॅटरी १६.४ वॅट-अवरची आणि ३.७ व्होल्ट, २०००० एमएएचची पॉवर बँक ७४ची. बॅटऱ्यांच्या संपर्कपट्ट्यांवर टेप लावा. संख्या आणि वापराबाबत कंपनीचे स्वतःचे नियम अधिक कडक असू शकतात, ते तिकिटाबरोबर वाचा.

फिल्म वापरत असाल तर हाताने तपासायची विनंती करा. केबिन बॅगांसाठी आलेल्या नव्या सीटी स्कॅनरमुळे न धुतलेली फिल्म धुरकटते. मेमरी कार्डांना धोका नाही.

सामान जास्त आणि व्यावसायिक दिसणारं असेल, तर एटीए कार्ने काढा. तात्पुरत्या आयातीचा हा दस्तऐवज वाणिज्य मंडळांमार्फत मिळतो आणि एक वर्ष चालतो. यादीत प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक लागतो. देश सोडताना शिक्का घ्यायला विसरलात, तर सामान तिथेच राहिलं असं धरून शुल्काची मागणी येऊ शकते. शिक्क्याची खिडकी कुठे आहे हे आधी शोधून जास्तीचा वेळ ठेवा.

प्रश्न : थंड प्रदेशातून गरम खोलीत आलं की लेन्स धुरकटते. कॅमेरा बिघडेल का?

उत्तर : आतल्या दमट हवेतलं बाष्प थंड काचेवर जमतं. आत येण्याआधीच कॅमेरा झिपच्या पिशवीत हवाबंद करा. पाणी पिशवीच्या बाहेर जमेल. तास-दोन तास उघडू नका. कार्ड आणि बॅटरी आधीच काढून घ्या, म्हणजे घाईने पिशवी उघडावी लागणार नाही. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत जातानाही हेच करायचं. बुरशीसाठी मात्र घरची साठवण महत्त्वाची : आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. नारंगी सिलिका जेल हिरवं झालं की साधारण १२० अंश सेल्सिअसला दोन-तीन तास तापवून परत वापरता येतं.

प्रश्न : रस्त्यावर काढलेल्या फोटोतल्या माणसाची सही लागते का? इमारतींचं काय?

उत्तर : बातमी किंवा लेखासाठी बहुतेक ठिकाणी लागत नाही. जाहिरातीसाठी, ओळखू येणारी व्यक्ती असेल तर लागते. लहान मूल असेल तर पालकाची. सहीचा कागद त्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत असावा. त्यावर त्या फोटोची छोटी प्रत लावा, नाहीतर दोन वर्षांनी कोणता कागद कोणाचा हे कळत नाही. कायदा काहीही म्हणो, कुणी हात आडवा केला तर कॅमेरा खाली घ्या. आजारी, शोकात असलेल्या किंवा गयावया करणाऱ्या माणसाचा चेहरा जाहिरातीला देऊ नका, सही असली तरी.

इमारतींचे नियम देशागणिक बदलतात. गुस्ताव्ह आयफेल १९२३ मध्ये वारले, त्यामुळे दिवसा दिसणारा आयफेल टॉवर हक्कमुक्त आहे. पण रात्रीची रोषणाई १९८५ मध्ये पियेर बिदो यांनी केली आणि ती संरक्षित आहे. रात्रीचा फोटो व्यापारी कामासाठी छापायचा तर टॉवर चालवणाऱ्या कंपनीची परवानगी लागते.

प्रश्न : २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन सगळीकडे चालतो ना?

उत्तर : नाही. युरोपीय संघात त्यावर कॅमेरा असेल तर चालवणाऱ्याची नोंदणी लागतेच. अमेरिकेत पैशांसाठी उडवत असाल तर वजन कितीही असो, पार्ट १०७ या तिथल्या ड्रोन-नियमांखालचं चालकाचं प्रमाणपत्र लागतं. मोरोक्कोत पूर्वपरवानगीशिवाय ड्रोन आणायलाच बंदी आहे, तो सीमेवरच काढून घेतला जातो. देशाच्या विमान वाहतूक प्राधिकरणाचं पान तिकीट काढण्याआधी वाचा, आणि अशा देशातून नुसतं पुढचं विमान पकडायचं असलं तरी सामान ताब्यात घेऊन पुन्हा तपासणीत द्यावं लागेल का, हेही पाहा.