जेजेचा कॅम्पस कसा आहे? हॉस्टेल आतच असतं का?

आधी सरळ उत्तर देतो, कारण तू प्रश्नात लिहिलंयस की लातूरहून आई-वडील रोज एकच विचारतायत, पोरगा झोपणार कुठे. कॅम्पसच्या आत नाही झोपणार. जेजे, म्हणजे मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, आहे व्हीटीसमोर (आत्ताचं सीएसएमटी स्टेशन, आमच्या तोंडी व्हीटीच), आणि आमचं मुलांचं हॉस्टेल होतं बांद्रा पूर्वेला. म्हणजे शिकायचं एका टोकाला आणि राहायचं दुसरीकडे, मध्ये लोकल. (वयाने लहान आहेस म्हणून तू म्हणतोय, राग मानू नकोस.)

मी कऱ्हाडचा, १९९८ ला पेंटिंगला गेलो. पहिल्या दिवशी वडील बरोबर होते, दादरला उतरून लोकलने व्हीटीला आलो आणि स्टेशनमधून बाहेर पडून क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने चालायला लागलो, डाव्या हाताला अंजुमन-इ-इस्लाम शाळेची इमारत लागली तेव्हा वडील म्हणाले हेच कॉलेज का, म्हटलं नाही, त्याच्या पुढचं गेट. आत शिरलो आणि रस्त्यावरचा सगळा आवाज एकदम खाली गेला. झाडं, दगडी इमारत, कुणीतरी पोरगा पायरीवर बसून कावळ्याचं स्केच करतोय. वडिलांनी एवढंच विचारलं, इथे लोक खरंच शिकतात ना?

आता कॅम्पस. खरं तर एका कुंपणात तीन कॉलेजं आहेत, स्कूल ऑफ आर्ट, आर्किटेक्चर आणि अप्लाइड आर्ट. सुरुवात १८५७ ची, सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये दिले होते त्यातून, आणि पहिले वर्ग भरले ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये, इथे नाही. आत्ताची मुख्य इमारत १८७८ ची, मोलेसी नावाच्या आर्किटेक्टची, गॉथिक पद्धतीची. आर्किटेक्चर आणि अप्लाइड वेगळी कॉलेजं झाली ती स्वातंत्र्यानंतर. २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, म्हणून प्रवेशाचे आणि फीचे नियम जुन्या सीनियरला विचारून ठरवू नकोस, मला तर अजिबातच नको विचारू.

पण तुला जे कळायला पाहिजे ते तारखांमध्ये नाहीये, ते उजेडात आहे. स्टुडिओंची छतं इतकी उंच की पहिले काही दिवस मान दुखते, आणि उजेड घेतलाय उत्तरेकडून. पेंटिंगवाल्याला उत्तरेचा उजेड का लागतो ते पहिल्याच स्टिल लाइफला कळतं. दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीपाशी तांब्या ठेवलास तर दहाला त्याची सावली एकीकडे आणि दुपारी दोनला भलतीकडे, म्हणजे सकाळी सुरू केलेलं चित्र दुपारी खोटं पडतं. उत्तरेकडून ऊन थेट येत नाही, उजेड दिवसभर जवळजवळ सारखा राहतो. आता कुणी हुशार म्हणेल की मुंबईत मे-जूनच्या सुमारास सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला जातो, बरोबर आहे, पण मे महिन्यात सुट्टी आणि जूनमध्ये ढग, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही.

हे एवढं लांबवून सांगतोय कारण मुंबईत भाड्याने तुला हा उजेड मिळणार नाही. खोली मिळेल, पंखा मिळेल, नळाला पाणीही मिळेल कदाचित. पण सहा फूट मागे जाऊन स्वतःचं चित्र बघायला मिळेल अशी जागा नाही मिळणार.

आत ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे कास्ट आहेत, कधीतरी त्यांच्यासमोर तासन्‌तास बसशील आणि वैतागशील. मागे झाडीत हिरवा बंगला आहे, त्याला डीनचा बंगला म्हणतात किंवा किपलिंगचा बंगला. ‘जंगल बुक’ लिहिणाऱ्या रुडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ चा, याच आवारातला, वडील लॉकवुड किपलिंग इथे शिकवायचे. गंमत म्हणजे सगळे ज्या बंगल्यासमोर फोटो काढतात तो नंतर बांधलेला आहे, जन्म झाला तो बंगला पाडला गेला. मला विचारशील तर मुलापेक्षा बाप आपल्या कामाचा. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर शेतकऱ्यांची कोरीव चित्रं आहेत ना, ती लॉकवुडची. आणि व्हीटी स्टेशनच्या दगडातले मोर, माकडं, पानं यात जेजेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. म्हणजे जेजेची अर्धी इमारत गेटाबाहेर आहे असं समज. आम्ही रात्री व्हीटीच्या फलाटावर जाऊन बसायचो, लांबच्या गाड्यांची वाट बघत झोपलेली माणसं स्केच करायला. झोपलेलं माणूस हलत नाही आणि पैसेही मागत नाही, मॉडेल म्हणून यापेक्षा चांगलं काय पाहिजे.

बरं, राहण्याचं. कॉलेजला नंबर लागला म्हणजे हॉस्टेलला लागला असं नसतं. प्रवेशाच्या दिवशीच ऑफिसात हॉस्टेलचा अर्ज वेगळा आहे का, कागद कुठले, यादी कधी लागते हे विचार, आणि लिहून घे. मी विचारलं नाही. वडील म्हणाले आत्या आहे ना डोंबिवलीला, झालं, पहिलं वर्ष डोंबिवली.

डोंबिवलीचं दुःख वेगळं. चित्राचा कागद, इम्पिरियल शीट, २२ बाय ३० इंच असतो, तो लावायचा बोर्ड त्याहून मोठा, आणि सकाळी आठ पस्तीसच्या फास्टमध्ये माणूसच बावीस इंचात बसवायचा असतो. मी पोर्टफोलिओ डोक्यावर धरून उभा राहायचो. एकदा सबमिशनच्या दिवशी मागून लोंढा आला आणि अख्खा पोर्टफोलिओ दाराच्या दांड्यावर दुमडला, तीन कंपोझिशन मधोमध चिरली. एक काका म्हणाले, अरे चित्रकला करायचीय तर घरी करायची ना. दुसऱ्याने शहाणपणाचं सांगितलं, मालडब्यात चढत जा. तेव्हापासून मोठं काही असलं की मालडबा. माशांच्या पाट्या आणि भाजीच्या गोण्यांमध्ये कॅनव्हास जास्त सुरक्षित असतो, फक्त ओला असू नये.

मग काही महिने तीन जणांनी मिळून परळच्या बाजूला पेइंग गेस्ट घेतलं. खोली बरी होती पण मालकीणबाईंना टर्पेंटाइनचा वास चालेना. चूक त्यांची नाही, देवघर शेजारच्या खोलीत होतं आणि तैलरंग वाळायला आठवडा घेतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, तुम्ही घरात रॉकेल का साठवता? म्हणून सांगतो, खोली बघायला जाशील तेव्हा भाडं आणि डिपॉझिटच्या आधी सांगून टाक की मी रंगकाम करतो, वास येईल, फरशीवर डाग पडतील, मी वर्तमानपत्र अंथरीन. जो यावर हो म्हणेल त्याच्याकडेच राहा. लपवून राहिलास तर सबमिशनच्या ऐन आठवड्यात सामान बाहेर.

हॉस्टेल मिळालं ते दुसऱ्या वर्षी. बांद्र्याची सोय अशी की हार्बरची लोकल थेट व्हीटीला येते, वडाळ्यावरून, कुठे बदलायची गरज नाही. काही गाड्या बांद्र्याहूनच सुटतात, तशी मिळाली तर बसायलाही मिळतं आणि मांडीवर स्केचबुक उघडता येतं. अर्ध्या तासात माझी रोज दोन पानं भरायची. हॉस्टेलमध्ये सगळे आपल्यासारखेच, कुणी चंद्रपूरचा, कुणी सावंतवाडीचा, स्कल्प्चरवाल्याच्या पलंगाखाली मातीचं पोतं, अप्लाइडवाला रात्री तीनला कटर मागायला येणार. वासाबद्दल कुणी कुणाला बोलत नाही. तिथे मी जेवढं शिकलो तेवढं वर्गात शिकलो का, मला शंकाच आहे, कारण वर्गात सर चूक दाखवतात आणि हॉस्टेलला तुझ्यासारखाच एक पोरगा तेच काम तुझ्याहून चांगलं करताना रोज दिसतो.

हॉस्टेल नाहीच मिळालं तर खोली बघताना स्टेशनपासून चालत किती हे बघ आणि लाईन बघ. हार्बर किंवा सेंट्रल घे, दोन्ही व्हीटीला संपतात, म्हणजे झोप लागली तरी शेवटी कॉलेजच येतं. वेस्टर्नला स्वस्त खोली मिळाली तर चर्चगेटहून चालत यावं लागेल, बोर्ड घेऊन, पावसात. नको.

खाण्याचं फार टेन्शन घेऊ नको. व्हीटीसमोर ‘आराम’ नावाच्या दुकानाचा वडापाव आहे, पलीकडे पंचम पुरीवाला आहे, महिनाअखेरीला दोघांनी मला सांभाळलंय. कागद, रंग, पुठ्ठा अब्दुल रेहमान स्ट्रीटला, क्रॉफर्ड मार्केटच्या मागे, आणि पुढे टेक्स्टाइलला वळलास तर कापडाचं मंगलदास मार्केट हाकेच्या अंतरावर.

लातूरहून येताना काय आणू असंही विचारलंयस. गादी आणू नकोस, इथे मिळते. जुन्या सुती साड्या आण दोन-तीन, ब्रश पुसायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. आणि मोजायची टेप आण. खोली बघायला जाशील तेव्हा दार मोज, जिन्याचं वळण मोज, माळा असेल तर त्याचं तोंड मोज. मी शेवटच्या वर्षी चार बाय पाच फुटांचा कॅनव्हास खोलीत ताणला होता आणि तो बाहेर काढताना पुन्हा सगळे खिळे उपटून, गुंडाळी करून खाली आणावा लागला होता.